न्योर्डलिंगेन : उल्केच्या विवरातील तटबंदीचे शहर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिक किंवा श्टुटगार्ट येथे नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या आणि सुटीत रोमँटिक रोड या दक्षिण जर्मनीतील पर्यटनमार्गावर भटकणाऱ्या मराठी मंडळींना न्योर्डलिंगेन हे नाव बहुधा एका छायाचित्रामुळे ठाऊक असते. वरून टिपलेले लाल कौलांचे जवळजवळ पूर्ण वर्तुळ, त्याभोवती तट आणि मधोमध चर्चचा उंच मनोरा, असे ते छायाचित्र असते. हे शहर आपला कारभार आठशे वर्षे कसा करत आले, हे मात्र त्या छायाचित्रात दिसत नाही, आणि माझ्या मते या शहराची खरी ओळख तीच आहे. म्हणून पुढील उत्तरांत प्रेक्षणीय स्थळांना थोडी आणि इतिहास व प्रशासन यांना जास्त जागा दिली आहे.

न्योर्डलिंगेन कुठे आहे आणि केवढे आहे?

हे शहर दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया राज्याच्या श्वाबेन या प्रशासकीय विभागात आहे. त्याचा जिल्हा डोनाउ-रीस असून जिल्ह्याचे मुख्यालय डोनाउव्योर्ट येथे आहे. शहराची लोकसंख्या सुमारे २० हजार आणि क्षेत्रफळ सुमारे ६८ चौरस किलोमीटर आहे. बाल्डिंगेन, ल्योप्सिंगेन, होलहाइम, नेहरमेमिंगेन अशी पूर्वी स्वतंत्र असलेली आसपासची गावे विसाव्या शतकात शहरात सामील झाल्यामुळे हा आकडा मोठा दिसतो. तटाच्या आतील जुने शहर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पायी पंधरा-वीस मिनिटांत ओलांडता येते. डोनाउव्योर्ट आणि आलेन यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर शहराचे स्थानक आहे.

तटाचे वर्तुळ म्हणजेच उल्कापाताचे विवर, हे खरे आहे का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अंदाजे एक किलोमीटर व्यासाचा अशनी येथे आदळला आणि त्यातून रीस नावाचे विवर तयार झाले. त्याचा व्यास सुमारे २४ किलोमीटर आहे. न्योर्डलिंगेनचा तट त्या विशाल वाटोळ्या खोलगट प्रदेशातला एक छोटासा भाग व्यापतो, आणि शहराचा गोल आकार मध्ययुगीन नगररचनेतून आला आहे, उल्केमुळे नव्हे. विवरात पुढे तळे साचले, ते गाळाने भरत गेले आणि आज तेथे सपाट, सुपीक शेतजमीन आहे. त्यामुळे विवराच्या आत उभे राहिले तरी ते विवर आहे असे चटकन जाणवत नाही. मनोऱ्यावर चढून क्षितिजावरची टेकड्यांची कड चारी बाजूंनी न्याहाळली, की मग त्याचा आवाका लक्षात येतो.

हे ज्वालामुखीचे मुख नाही, हे कसे सिद्ध झाले? लोणारशी त्याची तुलना का केली जाते?

दीर्घकाळ भूशास्त्रज्ञ रीसला ज्वालामुखीजन्य मानत असत. येथे सापडणारा सुएव्हाइट नावाचा करडा-हिरवट खडक ज्वालामुखीच्या राखेच्या खडकासारखा दिसतो, हे त्याचे एक कारण होते. १९६० मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना ओटिंग गावाजवळच्या खाणीतील नमुन्यांत कोएसाइट हे खनिज आढळले. क्वार्ट्झचे हे रूप अतिप्रचंड दाबाखालीच तयार होते, आणि भूपृष्ठालगत तेवढा दाब केवळ अशनीच्या आघाताने निर्माण होऊ शकतो. या शोधाने प्रश्न निकाली निघाला. सुएव्हाइटमध्ये आघाताने ग्रॅफाइटपासून बनलेले सूक्ष्म हिरेही आहेत. ते इतके बारीक आहेत की त्यांना व्यापारी मोल नाही, मात्र शास्त्रीय मोल मोठे आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवरही एकेकाळी ज्वालामुखीजन्य समजले जात होते, आणि तेथेही आघाताच्या खुणा असलेल्या खनिजांनीच तो समज मोडला. लोणारचा व्यास रीसच्या तुलनेत फारच लहान, सुमारे १.८ किलोमीटर आहे, पण त्याचे वैशिष्ट्य वेगळे आहे : ते बेसॉल्टमध्ये झालेले विवर आहे. रीसमध्ये वर गाळाचे खडक आणि खाली ग्रॅनाइटसारखे कठीण खडक होते. आघाताचा वेगवेगळ्या खडकांवर काय परिणाम होतो हे अभ्यासणाऱ्याला म्हणूनच ही दोन्ही ठिकाणे महत्त्वाची वाटतात. ज्याने लोणारच्या काठावर उभे राहून खाली पाहिले आहे, त्याने रीस अवश्य पाहावे.

ऑगस्ट १९७० मध्ये ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, युजीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीर चंद्रावरील खडक ओळखण्याचे शिक्षण घेण्यासाठी येथे आले होते. १९९० मध्ये उघडलेले रीस विवर संग्रहालय १५०३ च्या एका जुन्या कोठारात आहे आणि तेथे अपोलो १६ मोहिमेत आणलेला चंद्रावरचा दगड पाहता येतो. २०२२ मध्ये हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांच्या यादीत समाविष्ट झाला.

हे शहर ‘मुक्त साम्राज्य-नगर’ होते म्हणजे काय?

न्योर्डलिंगेनचा पहिला लेखी उल्लेख ८९८ चा आहे. १२१५ मध्ये ते राजा दुसरा फ्रेडरिक याच्या ताब्यात आले आणि त्यातून पुढे ते पवित्र रोमन साम्राज्याचे, म्हणजे त्या काळच्या जर्मन मुलखावरील साम्राज्याचे, साम्राज्य-नगर झाले. अशा नगरावर कोणा सरदाराची किंवा बिशपची सत्ता चालत नसे. ते थेट सम्राटाला बांधील असे. कर बसवणे, न्यायनिवाडा करणे, नाणी-मापे तपासणे, तट राखणे, दुसऱ्या नगरांशी करार करणे ही सारी कामे नगर परिषदच करी. त्यामुळे आसपासच्या मुलखाचे धनी असलेले ओटिंगेनचे काउंट आणि हे नगर यांच्यात सतत ताणतणाव राहिला.

नगराचे पोट भरत होते ते व्यापारावर. येथील पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाच्या जत्रेचा उल्लेख १२१९ पासून मिळतो आणि ती पुढे दक्षिण जर्मनीतील मोठ्या व्यापारी जत्रांपैकी एक झाली. लोकरीचे जाड कापड आणि चामडे हे स्थानिक कारागिरांचे मुख्य उत्पादन होते. एगर नदीच्या ओघाकाठी चर्मकारांची जुनी घरे आजही आहेत. कातडी वाळवण्यासाठी त्यांचे वरचे मजले बाजूंनी उघडे ठेवलेले असत, आणि ती रचना अजून ओळखू येते.

सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चविरुद्ध उठलेल्या धर्मसुधारणा चळवळीची बाजू नगराने लवकर घेतली. १५२९ मध्ये श्पायर येथील साम्राज्य-सभेत ज्या १४ नगरांनी बहुमताच्या ठरावाविरुद्ध निषेध नोंदवला, आणि ज्या निषेधामुळे ‘प्रोटेस्टंट’ हे नाव रूढ झाले, त्यांत न्योर्डलिंगेन होते. नगराचे स्वातंत्र्य नेपोलियनच्या काळातील फेरबदलांत, १८०२-०३ मध्ये संपले आणि ते बव्हेरियात विलीन झाले.

तट कधी बांधला, आणि तो इतका पूर्ण कसा काय टिकला?

पहिला, आतला तट तेराव्या शतकातला होता. त्याची वर्तुळाकार रेघ आजही रस्त्यांच्या वळणांत दिसते. लोकवस्ती बाहेर पसरल्यावर १३२७ मध्ये सम्राट लुडविग द बव्हेरियन याच्या आज्ञेने उपनगरांना कवेत घेणारा नवा तट उभारायला सुरुवात झाली. आजचा तट तोच आहे. तो सुमारे २.७ किलोमीटर लांब आहे आणि त्याला बाल्डिंगर, बेर्गर, डाइनिंगर, ल्योप्सिंगर व राइमलिंगर असे पाच दरवाजे आहेत. तटावरच्या छपराखालच्या मार्गाने शहराला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते, आणि जर्मनीत असे दुसरे शहर नाही. या मार्गासाठी तिकीट लागत नाही. चालताना एका हाताला दगडी भिंतीतील झरोके, तर दुसऱ्या हाताला लोकांची परसे, वाळत घातलेले कपडे, भाजीचे वाफे दिसतात; तटाला पाठ लावून बांधलेल्या छोट्या घरांत अजूनही लोक राहतात.

तट टिकण्याची कारणे फारशी काव्यमय नाहीत. सतराव्या शतकानंतर व्यापाराचे मार्ग बदलले आणि नगर मागे पडले. तट पाडून बाहेर वाढण्याइतकी भरभराट येथे झालीच नाही. एकोणिसाव्या शतकात अनेक जर्मन शहरे आपले तट पाडत असताना बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने १८२६ मध्ये जुन्या तटबंद्या पाडण्यास मनाई केली. १८४९ मध्ये आलेली रेल्वे तटाच्या बाहेरून गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बाँब पडले, पण जुने शहर बव्हंशी वाचले. मात्र केवळ नशिबाने काही टिकत नाही. छपराच्या तुळया, कौले, झरोके यांची देखभाल दरवर्षी करावी लागते आणि ती नगरपालिका करत आली आहे, हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

१६३४ च्या लढाईचे महत्त्व काय?

१६१८ ते १६४८ या काळात युरोपात चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धातील ही निर्णायक लढाई होती. प्रोटेस्टंट न्योर्डलिंगेनला सम्राटाच्या सैन्याने वेढा घातला होता, आणि तो उठवण्यासाठी गुस्टाव्ह हॉर्न व साक्स-वायमारचा बेर्नहार्ड यांच्या नेतृत्वाखाली स्वीडिश व त्यांचे मित्र सैन्य आले. स्पेनची कुमक सम्राटाच्या बाजूला येऊन मिळाली होती. ६ सप्टेंबर १६३४ रोजी, शहराच्या दक्षिणेकडील आल्बूख टेकडीवर पुन्हा पुन्हा चढाई करूनही स्वीडिश सैन्याचा पूर्ण पराभव झाला आणि हॉर्न कैद झाला. दक्षिण जर्मनीतील स्वीडिश वर्चस्व त्या दिवशी संपले. पुढच्याच वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला आणि युद्ध आणखी लांबले. नगराने शरणागती पत्करली. वेढ्यातील उपासमार, रोगराई आणि नंतरची खंडणी यांनी ते इतके खचले की पूर्वीचे वैभव परत आलेच नाही.

या इतिहासातील काळी पाने कोणती?

ती झाकून शहराची ओळख करून देणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५८९ ते १५९८ या काळात येथे चेटूक केल्याच्या आरोपाखाली ३४ स्त्रिया आणि एका पुरुषाला ठार मारण्यात आले. हे खटले नगर परिषदेनेच चालवले. ज्या स्वराज्याचा वर गौरवाने उल्लेख केला, त्याच स्वराज्याने हे केले. मारिया होल या खाणावळ चालवणाऱ्या स्त्रीने मात्र छळाच्या ६२ फेऱ्या सोसूनही खोटी कबुली दिली नाही. तिच्या माहेरच्या उल्म नगराने तिच्यासाठी रदबदली केली आणि १५९४ मध्ये तिची सुटका झाली. तिच्या चिवटपणामुळे या खटल्यांवरचा लोकांचा विश्वास डळमळला. आज शहरात तिच्या नावाचे कारंजे आहे.

ज्यू रहिवाशांच्या वाट्याला याहून जुने दुःख आले. १३८४ मध्ये येथील ज्यू समाजाची कत्तल झाली, १५०७ मध्ये उरलेल्यांना हाकलून देण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा वस्ती झाली आणि प्रार्थनास्थळही उभे राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याची नासधूस करण्यात आली आणि जे रहिवासी देश सोडून जाऊ शकले नाहीत, त्यांना १९४२ मध्ये मृत्यूछावण्यांकडे पाठवण्यात आले.

मनोऱ्यावरून रात्री कोण ओरडते?

संत गेओर्ग चर्चच्या मनोऱ्याला ‘डानिएल’ म्हणतात. १४२७ ते १५०५ या काळात बांधलेले हे चर्च सुएव्हाइटचे आहे, म्हणजे उल्केच्या आघाताने घडलेल्या दगडातून घडवलेले आहे. मनोरा सुमारे ९० मीटर उंच आहे आणि वर जायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. शहराच्या सेवेतील पहारेकरी तेथे असतो आणि रात्री दहा ते बारा या वेळात दर अर्ध्या तासाने ‘सो ग्सेल सो’, म्हणजे साधारण ‘असं, गड्या, असं’, अशी हाळी देतो.

हाळीमागे एक कथा सांगतात. १४४० मध्ये ओटिंगेनच्या काउंटने द्वारपालांना लाच देऊन ल्योप्सिंगर दरवाजा रात्री उघडा ठेवायला लावला. एका डुकरिणीने त्या दरवाजाला अंग घासले, तो हलला, आणि वाटेने चाललेल्या एका बाईच्या लक्षात आले की अडसर लावलेला नाही. तिने डुकरिणीकडे पाहून उच्चारलेले शब्द म्हणजे ही हाळी. कथेचा तपशील कसाही असो, शत्रू तट फोडून नव्हे तर फितुरीने आत येतो ही जाण या नगराने शेकडो वर्षे जपली, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते.

आज शहराचा कारभार कोण पाहते?

कारभाराचे केंद्र म्हणजे राटहाउस, अर्थात नगरभवन. १३८२ पासून आजतागायत तीच इमारत नगरभवन म्हणून वापरात आहे. १६१८ चा तिचा दगडी बाह्य जिना मुद्दाम थांबून पाहावा. जिन्याखालच्या बाजूला विदूषकाची आकृती कोरलेली आहे आणि तिच्याशी ‘आता आपण दोघे झालो’ अशा अर्थाचा लेख आहे. पाहणाऱ्याची ही थट्टा त्या काळच्या परिषदेने आपल्याच दारात कोरून घेतली.

शहराचा प्रमुख ओबरब्युर्गरमाइस्टर, म्हणजे महापौर, असतो. तो थेट मतदारांकडून सहा वर्षांसाठी निवडला जातो. महाराष्ट्रातील वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे नगराध्यक्ष लोकनियुक्त असला तरी प्रशासनाची सूत्रे राज्य सरकारने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याकडे असतात. बव्हेरियात महापौर हाच प्रशासनाचाही प्रमुख असतो, नगर परिषदेच्या बैठकीचे अध्यक्षपद तोच भूषवतो आणि तेथे त्याला मतही असते. परिषदेत ३० सदस्य असतात. २० ते ३० हजार लोकसंख्येच्या शहरांसाठी राज्याच्या कायद्याने ती संख्या ठरवलेली आहे. सदस्य आपापले व्यवसाय सांभाळून मानद स्वरूपात हे काम करतात, आणि बांधकाम, वित्त अशा विषयांचा तपशील समित्यांमध्ये पाहिला जातो.

निवडणूक कशी होते? नागरिकांना निवडणुकीखेरीज काय करता येते?

बव्हेरियातील स्थानिक निवडणुकीत मतदाराला परिषदेत जितक्या जागा तितकी मते मिळतात, म्हणजे येथे ३०. त्यांपैकी एका उमेदवाराला जास्तीत जास्त तीन मते देता येतात, आणि वेगवेगळ्या पक्षांच्या याद्यांतून उमेदवार निवडताही येतात. मतपत्रिका प्रचंड मोठी होते, मोजणी दिवसेंदिवस चालते, पण ओळखीच्या, कामाच्या माणसाला पक्ष न पाहता निवडण्याची मोकळीक लहान शहरात फार मोलाची ठरते. युरोपीय संघातील इतर देशांच्या नागरिकांनाही हा मताधिकार आहे. भारतीय नागरिकांना नाही. महापौरपदासाठी कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर दोन आघाडीच्या उमेदवारांत दोन आठवड्यांनी दुसरी फेरी होते.

वर्षातून किमान एकदा नागरिकसभा घेणे महापौरावर बंधनकारक आहे. याशिवाय १ ऑक्टोबर १९९५ रोजी राज्यव्यापी सार्वमताने मिळालेल्या अधिकारानुसार पुरेशा सह्या गोळा करून एखादा स्थानिक प्रश्न थेट मतदानाला लावता येतो. तेथे बहुमत तर लागतेच, शिवाय त्या बाजूला एकूण मतदारांपैकी किमान २० टक्क्यांची मते पडावी लागतात.

मग जिल्ह्याचे मुख्यालय डोनाउव्योर्टला का?

१ जुलै १९७२ च्या प्रादेशिक फेररचनेपर्यंत न्योर्डलिंगेन जिल्ह्याबाहेरचे स्वायत्त शहर होते. त्या दिवशी ते नव्या मोठ्या जिल्ह्यात घातले गेले आणि मुख्यालय डोनाउव्योर्टला मिळाले. भरपाई म्हणून ‘ग्रोसे क्राइसश्टाट’ (मोठे जिल्हा-शहर) हा दर्जा देण्यात आला, ज्यामुळे बांधकाम परवाने आणि वास्तुरक्षण यांसारखी, एरवी जिल्हा प्रशासनाकडे असणारी काही कामे शहर स्वतः करते. तरीही सल राहिला. गाडीच्या नंबरपाटीवरची ‘एन-ओ उमलाउट’ (NÖ) ही शहराची अक्षरे जाऊन जिल्ह्याची आली होती. २०१३ मध्ये जुनी अक्षरे पुन्हा घेण्याची मुभा मिळाली. बाहेरच्याला ही बाब क्षुल्लक वाटेल, पण सहाशे वर्षे थेट सम्राटाला बांधील असलेल्या नगराच्या स्वाभिमानाचा तो प्रश्न होता.

शहराला पैसा कोठून मिळतो?

व्यवसाय कर, मालमत्ता कर आणि आयकरातील वाटा हे मुख्य स्रोत आहेत; रहिवाशांनी भरलेल्या आयकरापैकी १५ टक्के रक्कम ठरावीक सूत्राने नगरपालिकांना मिळते. त्यात राज्याच्या अनुदानांची भर पडते. उलट दिशेने जिल्ह्याला अंशदान द्यावे लागते, आणि प्रत्येक अंदाजपत्रकात त्यावर चर्चा होते.

तटाच्या आत घर घेतले तर खिडकी तरी बदलता येते का?

परवानगीने येते. १९७३ च्या बव्हेरियन वास्तुरक्षण कायद्यानुसार जुन्या शहराचे एकत्रित रूपच संरक्षित आहे, त्यामुळे खिडक्या, कौले, रंग, दुकानाची पाटी अशा बाह्य बदलांसाठी आधी मंजुरी घ्यावी लागते. ती देणारे कार्यालय शहरातच आहे. काहींना हा जाच वाटतो आणि दुरुस्तीचा खर्च खरोखरच वाढतो. पण काही बाबतींत अनुदान व करसवलत मिळते, आणि या शिस्तीमुळेच जुने शहर राहते घर म्हणून उरले आहे.

येथील बोली, सण आणि माणसे यांविषयी काय सांगता येईल?

राज्य बव्हेरिया असले तरी बोली श्वाबियन वळणाची आहे. पेंटेकॉस्टची जत्रा आजही भरते, दहा दिवस चालते. व्यापाऱ्यांची जागा आता पाळणे, बिअरचे मंडप आणि बाजारपेठ यांनी घेतली आहे. मे महिन्यात मुलांची वसंत मिरवणूक निघते. तटाचा ऐतिहासिक महोत्सव दर तीन वर्षांनी होतो आणि त्यात शहरातली माणसे जुन्या वेशात, जुन्या कारागिरीसह रस्त्यावर उतरतात.

फुटबॉलप्रेमींसाठी सांगायचे तर जर्मनीचा नामवंत आघाडीपटू गेर्ड म्युलर १९४५ मध्ये येथेच जन्मला आणि शहराच्या मैदानाला त्याचे नाव आहे. कायद्याच्या पुस्तकांसाठी जर्मनीत सर्वज्ञात असलेली बेक प्रकाशनसंस्था १७६३ मध्ये येथे सुरू झाली. १८८९ मध्ये ती म्युनिकला गेली, पण तिचा छापखाना येथेच राहिला.

नोकरीनिमित्त येथे राहायला येणाऱ्या भारतीयाने कोणत्या कार्यालयात जावे?

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या नागरिक-नोंदणी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. पासपोर्टबरोबर घरमालकाने सही केलेले, राहत असल्याचे प्रमाणपत्र लागते. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. निवास परवान्याचे काम मात्र शहराकडे नसून जिल्हा प्रशासनाच्या परदेशी नागरिक विभागाकडे आहे. त्यासाठी वेळ आधी ठरवून घ्यावी, आणि पत्त्याच्या नोंदीचा दाखला सोबत न्यावा.